जंगलाचा शोध, नाश्त्यासह

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सुट्टीच्या सकाळी स्वयंसेवकांची फौज उतरते. हेतू उदात्त: सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाचा वारसा आणि वन्यजीव शोधून काढायचे! आता उद्यानातली कान्हेरीची शंभरावर लेणी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, ब्राह्मीतले शिलालेख हे काही हरवलेले नव्हते. बिबटेही फारसे लाजत नाहीत. रात्री तेच सोसायट्यांच्या आवारात येऊन आपली पाहणी करून जातात, तीही विनामानधन. जंगलातल्या पाड्यांवरचे वारली आदिवासी तर वाघोबाला पुजत पिढ्यान्‌पिढ्या या शेजाऱ्यासोबत राहिले. पण त्यांच्याकडे ना टी-शर्ट, ना प्रशस्तिपत्र. मग त्यांना स्वयंसेवक कोण म्हणणार? कागदोपत्री ते बहुधा अतिक्रमणाच्या फायलीतच सापडतात. आपण मात्र दोन तासांत जंगलाचे जाणकार होऊन, इडली-वडा खाऊन, फोटो टाकून घरी परततो.

स्वयंसेवा जरूर करा. पक्षी मोजा, प्लास्टिक उचला, लेण्यांवर नावे कोरणाऱ्यांना अडवा. फक्त वाट दाखवणाऱ्या वारल्याचे नाव अहवालात सर्वांत वर लिहा आणि त्याची दिवसाची मजुरी रोख द्या.