अनुक्रमे

इंग्रजी अमदानीने आपल्या कचेऱ्यांना जे अनेक अलंकार बहाल केले, त्यांत 'रिस्पेक्टिव्हली' हे क्रियाविशेषण सर्वांत चिवट निघाले. 'अनुक्रमे' ह्या नावाने ते आजही मराठी मसुद्यांत ठाण मांडून आहे. त्याचे काम वस्तुतः अगदी मर्यादित. दोन याद्या समोरासमोर मांडल्या की पहिल्यास पहिले व दुसऱ्यास दुसरे जोडून द्यावे. पाणिनीने हीच तजवीज एका सूत्रात केली आणि याद्या समसंख्य असाव्यात ही अटही घातली. आलंकारिकांनी तिला 'यथासंख्य' म्हणून गौरविले.

ह्या शब्दाला खरीखुरी चाकरी कोठे मिळाली असेल, तर ती देवासला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी व जिवाजी ह्या पवार बंधूंनी तेथे बस्तान बसविल्यापासून थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या, दोन राजवाडे व दोन दफ्तरे एकाच गावात नांदली. सलामीच्या तोफाही दोघांना पंधरा-पंधराच. इतकेच नव्हे, तर टेकडीवरील तुळजाभवानी व चामुंडा ह्यांनाही भाविक अनुक्रमे बडी माता व छोटी माता म्हणतात. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून आलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर हा जोडसंसार पाहून थक्क झाले. तेथे कारकुनाने 'अनुक्रमे' गाळले असते, तर एका सरकारचा खलिता दुसऱ्या सरकारच्या हाती पडता! धारेसही पवारच; पण गादी एक, म्हणून तेथे हा शब्द रिकामाच बसून असावा.

१९४८ साली ही सर्व संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, आणि बेकार झालेल्या ह्या चाकराने सबंध मुलखात उमेदवारी आरंभिली. 'अर्जदार अनुक्रमे धार येथील रहिवासी आहेत' अशी दरखास्त मी डोळ्यांनी वाचली आहे. एकटा अर्जदार कोणत्या क्रमाने राहतो, हे त्याच्या कुटुंबासही सांगता येणार नाही. दुसऱ्या एका हुकुमान्वये तिघा कर्मचाऱ्यांची 'धार व देवास येथे अनुक्रमे' बदली झाली. तिसऱ्याने काय करावे? त्याने मध्येच इंदुरास उतरून पुढील हुकुमाची वाट पाहावी, असाच सरकारचा आशय दिसतो.

मसुदा लिहिणाऱ्या तमाम मंडळींस अर्ज एवढाच की, लेखणी उचलण्यापूर्वी दोन्हीकडची नावे मोजावीत. आणि ती दोन-दोनच भरली, तर 'रामराव धारला व शामराव देवासला जातील' असे लिहून मोकळे व्हावे.