झोपायचं कारण काय?

गणपतीच्या दिवसांत रात्री चिंचपोकळी स्टेशनात उतरा आणि लालबागच्या दिशेने चालू लागा. फुटपाथवर माणसं आडवी झालेली दिसतील. कुणी सतरंजीवर, कुणी वर्तमानपत्रावर, कुणी पोराला कुशीत घेऊन. नवसाची रांग आहे, रात्र काढायची आहे. कुणी पाणी देतं, कुणी बिस्किटं. पोलीसही म्हणतात, ‘माउली, पाय जरा आत घ्या.’

विसर्जन झालं की तोच फुटपाथ, तशीच सतरंजी, तसंच पोर. पण आता ते अतिक्रमण. महापालिका अधिनियमाचं कलम 314 जागं होतं. गाडी येते, सतरंजी उचलून नेते.

म्हणजे या शहरात उघड्यावर झोपायला बंदी नाही; विनाकारण झोपायला आहे. पहाटे बागेत चटई टाकून पडलात तर शवासन. चटई नसेल तर वॉचमनची शिट्टी. माटुंग्यात तर उड्डाणपुलाखाली कुणी मुक्काम ठोकू नये म्हणून रहिवाशांनी पाठपुरावा करून बागच करून घेतली. छान आहे. भर पावसातही चालणाऱ्यांचे बूट भिजत नाहीत.

लालबागच्या याच गिरणगावात गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत न मावणारा कामगार उन्हाळ्यात फुटपाथवरच पथारी पसरायचा. त्याला कुणी हटवत नव्हतं. सकाळी भोंगा झाला की तो मशिनवर हवा होता ना!

1981 मध्ये मुख्यमंत्री अंतुलेंनी फुटपाथवासीयांना उचलून गावी धाडायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथवर मात्र हक्क नाही. पावसाळा आहे, तेव्हा 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. थोडक्यात, जगा, पण जरा बाजूला होऊन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तर 2024 मध्ये उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करण्यातही काही वावगं दिसलं नाही. निवाऱ्यात जागा नसली तरी!

आपल्याकडे निकष आहे: लाख लोकसंख्येमागे एक निवारा. 2011 च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. महापालिका या आकड्याच्या आसपासही फिरकलेली नाही. जागाच मिळत नाही म्हणे. मंडपाला मिळते.

तेव्हा बेघरांना फुकटचा सल्ला: मंडळ नोंदवा. अध्यक्ष नेमा, खजिनदार नेमा, पावतीपुस्तक छापा. एक खिडकी योजनेत अर्ज टाका. मंडप मिळेल, वीज मिळेल, फिरतं शौचालय मिळेल. आणि कमानीवर आमदारसाहेबांचा फोटो लावायला विसरू नका; 314 ची गाडी लांबूनच हात जोडून पुढे जाईल.