अठ्ठेचाळीस तासांचा कर्ता पुरुष

मुदत म्हणजे टळून गेल्यावर जिच्याविषयी चौकशी करावयाची ती तारीख, अशी आमच्या गोरेगावची पिढीजात समजूत आहे. आणि ती एकट्या गोरेगावची नव्हे, निजामाच्या अमदानीतल्या शेतसाऱ्यापासून परवापरवाच्या शिधापत्रिकांच्या पडताळणीपर्यंत साऱ्या हिंगोली मुलखाने ती निष्ठेने जतन केली आहे. अशा गावात जो तरुण कोणी न लादलेली, कोणत्याही हुकूमनाम्यात न नोंदलेली, चुकविल्यास दंड नाही आणि पाळल्यास इनाम नाही अशी मुदत एका मिनिटानेही टळू देत नाही, त्याच्याकडे वडीलधाऱ्यांनी संशयाने पाहावे यात नवल नाही. हा तरुण पुण्याच्या एखाद्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत असतो, निदान त्याचे वडील तरी तसे सांगतात. वस्तुतः तो तेथील गेम डेव्हलपमेंट क्लबाचा सभासद असतो, आणि शिक्षण हा त्या सभासदत्वापोटी भरावा लागणारा एक जाचक कर आहे असे त्याचे प्रामाणिक मत असते. वर्षातून दोनचार वेळा तो ‘जॅमला बसतो’. बसतो तेव्हा उठत नाही, आणि उठतो तेव्हा दोन दिवस कोणाच्या हाती लागत नाही.

जॅमचा रिवाज असा, की ठरल्या वेळी एक विषय जाहीर होतो, तो त्या क्षणापर्यंत कोणासही ठाऊक नसतो, आणि त्यानंतरच्या 48 तासांत त्या विषयावर बेतलेला, चालणारा, निदान चालतो आहे असा भास निर्माण करणारा संगणकावरील खेळ तयार करून तो रुजू करावयाचा असतो. ही प्रथा काही फार प्राचीन नव्हे. 2002 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ओकलंड येथे ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आदी मंडळींनी एका वेळी लाखभर आकृत्या पडद्यावर हलवू शकेल असे एक सामाईक इंजिन तयार ठेवून त्यावर झटपट खेळ रचावयास आपल्या स्नेह्यांना बोलाविले. लगेच एप्रिलात ‘लुडम डेर’ सुरू झाला. आणि 2009 च्या जानेवारीअखेर 23 देशांत एकाच वेळी ‘ग्लोबल गेम जॅम’ भरला, तो तेव्हापासून दर जानेवारीत नेमाने भरत आला आहे. त्याचे विषय तरी कसे, तर 2012 साली स्वतःची शेपटी गिळणाऱ्या सापाचे चित्र तेवढे दाखविले, आणि पुढच्या वर्षी चित्रही नाही, केवळ हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवून मंडळींना कामास जुंपले. त्या ठोक्यांतून लंडनच्या काही तरुणांनी हृदयारोपणाची शस्त्रक्रिया अत्यंत धसमुसळ्या हाताने पार पाडावयाचा ‘सर्जन सिम्युलेटर’ हा खेळ काढला, तो पुढे विक्रीस आला आणि खपलाही. ही कथा आमचा जॅमवीर भेटेल त्याला सांगतो, आणि तिच्या पाठोपाठ ‘सुपरहॉट’ची सांगतो. 2013 सालच्या एका सात दिवसांच्या जॅममधून निघालेल्या त्या खेळात खेळणारा हलला तरच काळ हलतो, तो थांबला की सगळे जग जागच्या जागी थांबते. ही कल्पना पोलंडातल्या मंडळींना अपूर्व वाटली, याचे कारण उघड आहे: सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावून घेण्यासाठी त्यांनी कधी कचेरीत खेटे घातलेले नव्हते.

त्याचे ध्यान सहज ओळखू येण्याजोगे असते. भर वैशाखात टोपीचा जाड सदरा, त्यावर क्लबाचे चिन्ह. लॅपटॉपच्या पाठीवर इतकी रंगीत चिकटचित्रे की मूळ यंत्र कोणत्या कंपनीचे हे दुरुस्त करणाऱ्यालाही विचारावे लागावे. डोळ्यांखाली काळे, आणि बोलण्यात ‘स्कोप’ हा शब्द, जो तो नेहमी दुसऱ्याला उद्देशून वापरतो. पुण्याच्या टीमला तो कुठला हे अजून नीटसे उमगलेले नसते. गोरेगाव म्हणताच ‘ईस्ट की वेस्ट?’ हा प्रश्न ठेवलेलाच असतो. मग तो ‘तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली’ असा संपूर्ण पत्ता एखाद्या खरेदीखतातल्यासारखा उच्चारतो, आणि समोरचा ‘अच्छा, नांदेडकडे’ म्हणून विषय मिटवतो. परभणीतून फुटून हिंगोली हा 1 मे 1999 रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, ही वार्ता पुण्यास पोहोचण्याची मुदत बहुधा अद्याप टळावयाची आहे.

विषय जाहीर झाल्यानंतरचा पहिला प्रहर हा त्याच्या आयुष्यातला परमोच्च काळ होय. त्या प्रहरी त्याला अशक्य असे काही नसते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेकडो गावे, त्यांतील प्रत्येक माणसाला स्वतंत्र स्वभाव, सहा ऋतू, तीन पिढ्यांचे भाऊबंदकीचे दावे, आणि खेळणाराच्या प्रत्येक निर्णयागणिक बदलणारा शेवट, अशी योजना तो फळ्यावर मांडतो आणि टीममधला चित्रकार व संगीत करणारा असे दोघेही माना डोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो गावांचे एक गाव होते. दुपारी त्या गावातली माणसे रद्द होतात. तिन्हीसांजेला ऋतू बरखास्त होतात, आणि रात्री बाराच्या सुमारास उरते ती एक शेळी, जिचे पुढचे पाय मागच्या पायांच्या आधी चालू लागतात. खेळाचा मुखपृष्ठपट मात्र तोवर अत्यंत देखणा झालेला असतो, त्यावर नावाच्या अक्षरांतून धुके वाहत असते, कारण चित्रकाराला थांब असे कोणी सांगितलेलेच नसते. पुढे दोघांनी एकाच फाइलीत एकाच वेळी केलेले बदल एकमेकांवर आदळतात, ज्याला ते ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात, आणि त्यावरून पहाटे जी वादावादी होते तीत आणि बांधाच्या भांडणात फरक इतकाच, की येथे मोजणीदार बोलावता येत नाही.

महासाथीमुळे 2021 चा जागतिक जॅम घरबसल्या झाला, तेव्हा हा प्रकार गोरेगावास प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. विषय होता हरवणे आणि सापडणे. जानेवारीअखेरचे दिवस, गव्हाला पाण्याची पाळी, आणि शेतपंपाची वीज रात्रीची. त्यामुळे वडील बॅटरी घेऊन दारे धरावयास रानात, आणि चिरंजीव माडीवर जॅमला, असे त्या घरातले दोन्ही पुरुष एकाच वेळी जागे होते. आई तेवढी दोघांच्या चहासाठी उठत होती आणि जाताजाता विचारत होती, ‘‘कामून जागायलास रे एवढा? तुह्या बापाचं तर लाइटीनं ठरवलंय, तुहं कोणी ठरवलंय?’’ या प्रश्नाला ‘थीम’ एवढेच उत्तर मिळाले.

खेळ असा ठरला होता की एका म्हातारीची शेळी हरवते आणि ती शोधावयाची. आवाजासाठी त्याने आपल्या आजीला गाठले. शेळीला हाक मारते तशी हाक मार, असे सांगून त्याने मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला; आजीने शेळी कुठे आहे असे विचारले; शेळी नाही, नुसती हाक मार, असे त्याने सांगितले; त्यावर, शेळी नसताना हाक मारायला मला काय येड लागलंय का, असे म्हणून आजीने दाव्याला बांधलेल्या शेळीकडे पाठ केली. शेवटी दावे सोडून शेळी खरीच गल्लीत हाकलावी लागली, तेव्हा कुठे आजीच्या कंठातून अस्सल आर्त हाक उमटली, आणि तीत मागाहून शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज मिसळला, ज्याला पुण्याच्या संगीतकाराने ‘फार सुंदर वातावरण’ असा अभिप्राय दिला.

दुसऱ्या रात्री शेळी भिंतीतून आरपार जाऊ लागली. हा दोष होता. परंतु जॅमच्या कायद्यात वेळेवर न सुटलेल्या दोषास वैशिष्ट्य म्हणण्याची मुभा आहे, आणि त्या मुभेचा फायदा घेऊन खेळाच्या वर्णनात ‘ही एक मायावी शेळी आहे’ असे वाक्य घालण्यात आले. भिंतीतून गेलेली शेळी पुढे नकाशाच्याही बाहेर जात असे आणि मग ती कोणालाच, अगदी तिला निर्माण करणाऱ्यालाही, सापडत नसे. विषयातील हरवणे इतक्या संपूर्णतेने साधले होते की सापडण्याचा भाग राहून गेला तरी चालेल, असा निर्णय टीमने एकमताने घेतला. मुदतीस चाळीस मिनिटे उरली असताना खेळ वर चढविण्याचे काम सुरू झाले. माडीत रेंज एकच दांडी. म्हणून मोबाइल पिशवीत घालून जुन्या डिशच्या खांबाला टांगला, लॅपटॉप पत्र्यावर, वायर छताच्या फटीतून, आणि तो स्वतः मांडी घालून, श्वास रोखून. 61 टक्क्यांवर घोडे अडले. खाली वडील नुकतेच रानातून आले होते, त्यांनी चिखलाच्या पायांनी शिडीशी उभे राहून काय चालले आहे ते विचारले. चढत नाही म्हणताच, ‘‘लाइट जाईस्तोर दम धर, मग गावातले समदे मोबाइल ठेवून निजतील, तुझं चढंल,’’ असा सल्ला त्यांनी दिला. तो तंतोतंत खरा ठरला. मुदतीपूर्वी सहा मिनिटे शेळी रुजू झाली.

मग प्रश्न आला, बक्षीस काय. येथे जॅमवीराची गावाशी कायमची फारकत होते, कारण ग्लोबल गेम जॅम ही स्पर्धाच नव्हे अशी तिच्या चालकांची जाहीर भूमिका आहे, आणि लुडम डेरमध्ये क्रमांक लागतात खरे, पण पहिल्या आलेल्यास बक्षीस म्हणून त्याने स्वतः तयार केलेला खेळ तेवढा मिळतो, जो त्याच्याकडे आधीच असतो. ‘‘म्हंजे सप्त्यावानी?’’ असे एका आजोबांनी विचारले, आणि सप्त्याला निदान शेवटी काल्याचा प्रसाद असतो असे दुसऱ्याने निदर्शनास आणले. मामांचा प्रश्न अधिक रोकडा: ह्याच्यानं नोकरी लागती का? त्यावर हा तरुण परंपरेचा आधार घेतो. मोक्षपट ज्ञानेश्वर माउलींनी रचला असे परंपरा सांगते, आणि नामदेव महाराजांची नर्सी तर आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा खेळ रचणे हे या मातीत नवे नाही, असा त्याचा युक्तिवाद असतो. मामा तो शांतपणे ऐकून घेतात आणि माउलींना घरभाडे नव्हते, एवढेच म्हणतात. मग तो पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने केलेल्या आणि 2020 साली जगभर निघालेल्या ‘राजी’ या खेळाचे नाव घेतो. तो पुरा व्हावयास किती वर्षे लागली, असे विचारल्यास मात्र त्याचा स्वर उतरतो; वर्षे हे कालमापन त्याला मानवत नाही.

कारण याच गृहस्थाची इतर कामे पाहावी. शिष्यवृत्तीचा अर्ज तीन वर्षे विलंबशुल्कासह; प्रयोगवह्या तोंडी परीक्षेच्या सकाळी मित्राच्या वहीवरून; बहिणीच्या लग्नपत्रिकेची रचना त्याच्याकडे सोपविली, ती हळदीच्या दिवशी आली, आणि तीतही अक्षरांतून धुके वाहत होते. त्याच्या संगणकात ‘शेळी’, ‘शेळी नवीन’, ‘शेळी अंतिम’, ‘शेळी अंतिम खरी’ अशी दप्तरे एकाखाली एक लावलेली असून जॅम संपल्यावर नीट पुरा करू असे ज्याविषयी ठरले होते असा एकही खेळ त्यांतून पुन्हा उघडला गेलेला नाही. 48 तासांपुरता तो कर्ता पुरुष असतो. एकोणपन्नासाव्या तासाला त्याला हाक मारली तर कूस बदलतो. 2024 च्या जॅमचा विषय ‘मला हसवा’ असा होता, आणि त्या दोन दिवसांत त्या खोलीत कोणी हसल्याचे कोणास आठवत नाही, असे त्याच्याच एका सोबत्याने मला सांगितले.

असे असूनही गावाला त्याचा उपयोग एकदा झाला. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा निघाला, 31 जुलै ही अखेरची तारीख मुक्रर झाली, आणि रिवाजाप्रमाणे गोरेगावास ती 31 जुलैलाच आठवली. सेवा केंद्रापुढे रांग वेशीपर्यंत, संकेतस्थळ चक्र फिरवीत बसलेले, आणि हा नेमका परीक्षा आटोपून घरी. त्याने लॅपटॉप ओट्यावर आणला. सातबारा, आधार, पासबुक आणि पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र अशा चार रांगा लावल्या. एकाने फोटो काढावयाचा, एकाने नाव वाचावयाचे, एकाने चहा पाहावयाचा, अशी टीम नेमली. फोटोंचे आकारमान घटविले, खांबाला मोबाइल टांगला, आणि जे काम कोणी आठ दिवसांत केले नव्हते ते रात्री बारापर्यंत अशा सफाईने उरकले की म्हातारी माणसे शेवटी ‘चढला का?’ ऐवजी ‘सबमिट झाला का?’ असे विचारू लागली. बाराला पाच कमी असताना एक काका धावत आले: एक अर्ज भरून झालेला, पण दुसरा गट नंबर सांगावयाचा राहिलेला, तोही त्यात घाल.

‘‘काका, डेडलाइनला बग दुरुस्त करता येतो, नवीन फीचर टाकता येत नाही.’’

‘‘अरे, दोन एकर सोयाबीन हाय ती, बाबू!’’

यावर तो काही बोलणार तोच कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखविले की मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली. ओट्यावर एकच आनंद झाला. काकांनी दुसरा सातबारा खिशात परत घातला आणि उद्या पाहू म्हणत तंबाखू काढली. राहिलेली मंडळीही उद्या, परवा, असे बोलत पांगली. एकटा जॅमवीर मात्र कोणी आपली अब्रू घेतल्यासारखा उभा होता. मुदत वाढविणे म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, तिने कामाचा सगळा कस जातो, असे तो त्या रिकाम्या होत चाललेल्या ओट्याला उद्देशून सांगत राहिला. आणि दुसऱ्या दिवशी काका सातबारा घेऊन आले तेव्हा तो झोपला आहे, असे आजीने सांगितले, तिसऱ्या दिवशीही तेच सांगितले, आणि 3 ऑगस्टला रात्री साडेअकरा वाजता तो स्वतःच काकांच्या दाराची कडी वाजवीत उभा राहिला.