मास्तरांची गाडी

लोणारच्या विवराचं वय किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं भरतात, दुसरीने ५ लाख ७० हजार. त्याच गावात शंभर सीसीची जुनी गाडी विकणाऱ्याला मात्र असली शंका कधी शिवत नाही. “भाऊ, एकहाती गाडी हाय. मास्तरची व्हती, शाळेपुरतीच चाले.” मीटरवर अठरा हजार किलोमीटर आणि टाकीवर ‘हिरो होंडा’. या दोन कंपन्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं २०१० साली. म्हणजे मास्तरांची शाळा बहुधा घराच्या ओसरीतच भरत असावी.

नवशिक्या हॉर्न वाजवतो, टाकीवर हात फिरवतो, आरशात भांग पाहतो. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं, त्यामुळे गाडी पहिल्या किकला सुरू. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, म्हणजे ऑइल जळतंय. विकणारा म्हणतो, “नवं ऑइल टाकलंय ना!” चेनच्या चाकाचे दात झिजून करवतीसारखे झालेत, पण तिकडे वाकून बघतो कोण?

राहता राहिले कागद. नमुना २९ आणि ३० भरायचे. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. “करू सावकाश,” यावर दोघांचं तत्काळ एकमत होतं. मास्तर निवृत्त होतात, एमएच २८ त्यांच्याच नावावर पळत राहते. पोरगा खूश: गाडी हलकी, किंमत हलकी आणि दंडाची चलनं मास्तरांच्या मोबाइलवर.