कायम अध्यक्ष

तिवशात मंडप टाकला की आधी आबाजींची खुर्ची ठरते, मग कार्यक्रमाचा विषय. शाळेचं गॅदरिंग असो, भजन स्पर्धा असो की बियाणं कंपनीचा शेतकरी मेळावा, अध्यक्षस्थानी आबाजीच. मधली उंच पाठीची लाल खुर्ची त्यांची, हे डेकोरेशनवाल्याला सांगावं लागत नाही. शाल घेताना मान किंचित डावीकडे कलते, कारण फोटोग्राफर तिकडेच उभा असतो. अध्यक्षीय भाषणाची वेळ येते तेव्हा माईकवाला वायर गुंडाळायला लागलेला असतो. आबाजींना त्याचं काही नाही. "आधीच्या वक्त्यायनं समदं सांगतलंच हाय," म्हणत ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना वंदन करतात आणि बसतात. त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम याच तालुक्यात, त्यामुळे ते वंदन कुठल्याही कार्यक्रमात शोभतं.

ठरायचं ते आधीच कुणाच्या तरी ओसरीवर ठरलेलं असतं. आबाजींकडे येतो तो सहीपुरता कागद.

सोव्हिएत संघाने असा माणूस घटनेतच बसवला होता. मिखाईल कालिनिन हा शेतकऱ्याचा पोरगा १९१९ पासून आधी रशियाचा, मग संघाचा राष्ट्रप्रमुख, तो थेट १९४६ पर्यंत. टोकदार दाढी, चष्मा. लोक त्याला साऱ्या संघाचा गावपाटील म्हणत आणि खेड्यापाड्यांतून अर्ज घेऊन मॉस्कोला त्याच्या कचेरीत येत. कारभार स्टालिनचा, सही कालिनिनची. सामूहिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी घालायची, या १९३२ च्या कायद्याखालीही या शेतकऱ्याच्या पोराची सही आहे. म्हणून त्याची नुसती कीव करवत नाही. पण १९३८ मध्ये त्याच्याच बायकोला, एकातेरिनाला, पकडून छावणीत धाडलं, आणि हा इकडे लोकांच्या छातीवर पदकं लावत राहिला. ती सुटली १९४५ मध्ये. पुढच्या वर्षी तो गेला, आणि महिनाभरात कोनिग्सबर्ग शहराचं कालिनिनग्राद झालं. नाव द्यायला सरकारचा हात सढळ असतो.

आमच्या आबाजींच्या सहीने कुणाचा जीव जात नाही. काम होतं असंही नाही. सकाळी ओसरीवर माणसं येतात: कुणाचं घरकुल अडलेलं, कुणाचा पांदण रस्ता. आबाजी चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचतात (तालुक्यात एवढं वाचणारे बहुधा तेच) आणि कोपऱ्यात तिरपं लिहितात, 'योग्य कार्यवाहीस्तव सादर'. खाली लफ्फेदार सही. माणूस चहा पिऊन खूश होऊन जातो.

परवा आबाजींच्या घरी काकूंनीच तोंड सोडलं. "आपल्या वावरातल्या मोटरीले अजून कनेक्शन नाई, संत्रा वाळून राह्यला, अन् तुमी लोकायचे अर्ज वाचून राह्यले!"

आबाजी चिडले नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला, काकूंच्या नावाने अर्ज लिहिला, खाली त्यांची सही घेतली. मग चष्मा पुसून तो अर्ज पहिल्यापासून वाचून काढला आणि कोपऱ्यात तिरपी शिफारस केली.

"पाह्य आता," ते म्हणाले, "कसं काम होते ते."