बहुतेक भाग उपलब्ध

सुटी केलेली गाडी विकायची, तर जाहिरात लिहिणाऱ्याच्या अंगी वधूपित्याचा संयम हवा. मी लिहिलं : ‘१९५६ची फियाट ११००, डुक्कर मॉडेल. एकाच घरातली. इंजिन उघडलेले. बहुतेक भाग उपलब्ध.’ त्यातल्या ‘बहुतेक’वर बरीच रात्र गेली.

‘इंजिन उघडलेले’ हीसुद्धा सभ्य भाषा. आप्पांनी सबंध गाडीच उघडली होती. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी उघडतात, आप्पांनी गिअरबॉक्स उघडला. सांगाडा परसात, चारी दारं माळ्यावर, कार्बोरेटर देवघराखालच्या कपाटात आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत. डब्यांवर आप्पांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या : ‘डायनामो’, ‘पुढचे डावे’, ‘कुठले ते बघणे’. या शेवटच्या चिठ्ठीचेच डबे जास्त.

पहिल्या फोनवाल्यानं विचारलं, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ दुसऱ्याला ट्रायल हवी होती. त्याला म्हटलं, या, पण येताना पोती आणा.

मग तज्ज्ञ आले. ही जमात गाडी घेत नाही, चहा घेते. पुढची दारं उलटी उघडतात, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो, हे त्यांनी मला माझ्याच माळ्याखाली उभं राहून समजावलं. नंतर इंजिनाच्या ब्लॉकवर बॅटरी मारून संशयानं विचारलं, ‘‘पद्मिनीचं तर नाही ना?’’ संशयाला जागा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट आणि पुढं पद्मिनी बनली. दोन्हींचं इंजिन एकाच घराण्यातलं, १०८९ सीसीचं. त्यामुळे थकलेल्या डुकराच्या पोटात पद्मिनीचं काळीज बसवलेल्या गाड्या गावोगाव सापडतात. विकणारा म्हणतो, ‘‘फिट्ट बसतं.’’ घेणारा म्हणतो, ‘‘मग ओरिजिनल काय राहिलं?’’ आमचं ओरिजिनल होतं. फक्त इंजिन म्हणून नव्हतं.

‘‘नसलेले भाग उद्यमनगरात घडवून घ्या,’’ असा सल्ला प्रत्येकानं दिला. कोल्हापूरच्या लेथवाल्याला नमुना दाखवला की तो काहीही घडवून देतो, हे खरं. पण जो भाग हरवलाय त्याचा नमुना कुठून आणायचा?

एका गृहस्थांनी कायदा आणला. २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. मात्र रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. यातल्या दुरुस्तीच्या कलमात आमची गाडी वर्षानुवर्षं चोख बसत आली होती.

सरळ बोलला तो एकटा भंगारवाला. त्यानं सांगाड्याचं एक टोक उचलून बघितलं आणि म्हणाला, ‘‘जुना पत्रा हाय सायेब. वजनाला भरंल.’’ ना ट्रायल, ना इतिहास. मी आप्पांना स्मरून नकार दिला. बायकोनं मात्र त्याचा नंबर घेऊन ठेवला.

शेवटी इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आले. डब्यांची झाकणं उघडून एकेक बोल्ट त्यांनी सोनाराच्या नजरेनं पाहिला. ‘कुठले ते बघणे’मधला एक तुकडा हातात धरून त्यांचे डोळे पाणावले. किमतीला त्यांनी घासाघीसही केली नाही, तेव्हा मलाच काळजी वाटली.

‘‘जोडायला जमेल ना तुम्हाला?’’

‘‘आमच्याकडं हाय की एक अशीच. खोललेली. तिचं काय काय सापडंना झालंय. दोन्ही मिळून एक उभी करायची.’’

‘‘आणि दोन्हींतही नसलं ते?’’

‘‘तिसरी बघून ठेवलीया,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘जयसिंगपुरात.’’