पालथे भाऊ

लालबागच्या चाळीत काही माणसं ठरलेलीच. एक गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन फिरणारा, एक पाण्यावरून भांडणारा. अलीकडे त्यांत मांजराचे फोटो काढणाऱ्याची भर पडली आहे. त्याला सगळे भाऊ म्हणतात. भाऊंना उभं पाहिलेली माणसं कमी. मांजराचा फोटो मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच काढायचा, हे त्यांचं पहिलं तत्त्व. त्यामुळे ते कायम गॅलरीत पालथे, आणि बादली घेऊन जाणाऱ्याला तत्त्वासकट भाऊंना ओलांडावं लागतं.

खोली दहा बाय बाराची. फोटोत काय घ्यायचं हे कुणालाही जमेल, काय टाळायचं यात भाऊंचा हात धरणारा नाही. सिलिंडर, मोरीतली कळशी, दोरीवरचे टॉवेल, मिश्री लावत बसलेली आई, सगळं वगळून नेमकी मनी उरते. फोटो बघून डोंबिवलीच्या भाचीला वाटलं, मामाने टॉवरमध्ये फ्लॅट घेतला.

टॉवर आहे, पण समोर. तो झाल्यापासून सकाळचं ऊन घरात जेमतेम वीस मिनिटं टिकतं. कमिटीने बिल्डरकडे धुळीची तक्रार केली, पार्किंगची केली. भाऊंची एकच, ‘माझा लाईट गेला.’ फ्लॅश ते वापरत नाहीत. मांजराच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यावर फ्लॅश पडला की डोळे हिरवे पेटतात आणि गरीब मनी हडळ दिसते. म्हणून त्या वीस मिनिटांत दारात उभं राहायला बंदी. चहासुद्धा नंतर.

“लग्नाच्या अल्बमनंतर माझा एक तरी फोटो काढलात का?” वहिनींनी एकदा विचारलं.

“तू हलतेस,” भाऊ म्हणाले. मनी तेव्हा पोटमाळ्यावरून कपाटावर आणि कपाटावरून तांदळाच्या डब्यावर चालली होती.

खालच्या मजल्यावरचा काळा बोका हा तर भाऊंचा खास विषय. समोर काळं दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि बोका राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी करायचं. हे त्यांनी सगळ्या मजल्याला समजावलंय, दारावर येणाऱ्या कोळणीलासुद्धा. तिला एक बोंबील कॅमेऱ्याच्या वर धरायला लावला होता, मांजर लेन्सकडे बघावं म्हणून. “भाऊ, बोंबील घेणार का नुसता दाखवायचा?” तिने विचारलं. मग अर्धा किलो घ्यावे लागले.

कुणी हसलंच तर भाऊ इतिहासात शिरतात. 1870च्या दशकात इंग्लंडात ब्रायटनच्या हॅरी पॉइंटरने मांजरांना चहाच्या टेबलाशी बसवून फोटो काढले आणि विकले. 1894 साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी उलटं सोडलेलं मांजर पायांवर कसं उतरतं, याची चित्रमालिकाच टिपली. हा दुसरा प्रयोग पोटमाळ्यावरून करायचा बेत वहिनींनी वेळीच मोडून काढला. “मग बैलघोड्याला कोण नेणार?” परळचं ते जनावरांचं हॉस्पिटल नावाला बैलघोडा, मनीची लस तिथेच झाली. रांगेतही भाऊ पालथे होतेच.

गणपतीत बाहेर राजाच्या दर्शनाला माणसं तासन्‌तास रांगेत, आणि घरात भाऊ मखरासमोर आडवे. मनी आणि मूषक एका चौकटीत, हा त्यांचा दरवर्षीचा नवस. आरती खोळंबते. मनी उंदराकडे पाठ करून झोपते.

मागच्या वर्षी शेजारचे तात्या गेले. भिंतीवर लावायला त्यांचा धड फोटो नव्हता. भाऊंनी आपल्या हजारो फोटोंतून शोध घेतला, तेव्हा मनीच्या मागे खुर्चीत बसलेले, चुकून वगळायचे राहिलेले तात्या सापडले. चेहरा सुरेख आलाय. फक्त फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, हाराच्या बाजूला एक तिकोनी कान आहे. तात्यांना मांजर अजिबात खपत नसे.

तेव्हा घरात असे भाऊ असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. मांजर उचलून म्हाताऱ्या माणसांच्या मांडीवर ठेवत जा. तेवढाच त्यांचाही फोटो निघेल.